शिक्का, मावशी आणि अकरा महिने

मित्रांनो, जरा जवळ सरका. उद्या मला फोडणार आहेत. त्याआधी एक गोष्ट तुमच्या पदरात टाकतो.

मी एक जुना शिक्का आहे. इलोइलो शहरातल्या कारागिराने मला पोलादात कोरले, तेही न्यायाधीशांची परवानगी डोळ्यांनी पाहिल्यावरच. माझ्या तोंडावर नाव आहे : युफ्रोसिना लाकबाय, नोटरी. दांडा दाबला की ते नाव कागदावर शाईशिवाय उठून येई.

बाईंची एक रीत होती. सही करणारा समोर बसल्याशिवाय आणि कागद मोठ्याने वाचल्याशिवाय त्या मला हात लावत नसत. वाचायच्याही कशा, तर उपासाच्या दिवसांत आमच्याकडचे ख्रिस्ती लोक प्रभूच्या यातनांची कथा गातात ना, त्या चालीवर. म्हातारे मच्छीमार तिबुर्सियो, ज्यांना सगळे मानोंग म्हणजे थोरले दादा म्हणत, ते विचारत, "बाई, होडीचा कागद करताय की मला स्वर्गात धाडताय?"

"आधी ऐका. स्वर्गाचं मागाहून बघू."

वर्षापूर्वी बाई गेल्या आणि मी खणात धूळ खात पडलो. एकाचा शिक्का दुसऱ्याला चालत नाही. महिनाभराने त्यांची भाची होनोराता मनिलाहून इथे राहायला आली. तिला मावशीचे काम पुढे चालवायचे होते. ती वकील होती, वयात बसत होती, नावावर गुन्हा नव्हता. पण नोटरी व्हायला याच शहरात निदान एक वर्ष राहावे लागते. बाईंच्या टायपिस्ट सालोमेने त्यांचा जुना अर्ज समोर ठेवून नावे आणि तारखा तेवढ्या बदलल्या. होनोराताने शपथेवर सही केली. न वाचता.

आज सुनावणी होती. मला कोर्टात जमा करायचे म्हणून मी तिच्या पिशवीत होतो.

"तिसरा परिच्छेद वाचा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"अर्जदार या शहरात एक वर्षाहून अधिक काळ..." होनोराता थांबली.

मागून सालोमे कुजबुजली, "वाच पुढं, इंदाय, पोरी. एका महिन्यानं काय होतंय?"

पिशवीत तिची मूठ माझ्या दांड्यावर आवळली. पुढे वाचले तर शपथेवर खोटे. थांबले तर आधीची खोटी सही उघडी पडणार, वकिलीवरही गदा. पंखा फिरत होता.

"बाईसाहेब, हे खोटं आहे," ती म्हणाली. "मला अकराच महिने झालेत. मी न वाचता सही केली."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"माझ्या घराचा कागद तुमच्या मावशीनं मला दोनदा ऐकवला होता. मी घाईत होते, तरी." त्यांनी अर्जावर रेघ मारली. "हा नामंजूर. वर्ष भरलं की नवा आणा, स्वतः लिहून. तो शिक्का इथं ठेवा."

दाराबाहेर बाकावर मानोंग तिबुर्सियो बसले होते. होडी लेकीच्या नावावर करायची, म्हणून ते या परवान्याची वाट पाहत होते. मला टेबलावरून सगळे ऐकू आले.

"मिळाला?"

"नाही, मानोंग. महिना थांबावं लागेल."

"थांबू की. होडी कुठं पळून जातेय? पण वाचशील ना मावशीसारखं?"

"गाऊन वाचीन."

मित्रांनो, मी फुटलो तरी मला त्याचे दुःख नाही. पण कधी कोणी कागद पुढे सरकवून म्हणाले, "कर सही, काही नाही त्यात," तर पेन खाली ठेवा, कागद मोठ्याने वाचा आणि आमच्या युफ्रोसिनाबाईंची आठवण काढा.