हेलिकॉप्टरवाल्याची गिटार

मला गिटार म्हणतात खरं, पण आजवर कुणी मला गळ्यात अडकवलेलं नाही. मी चार पायांवर टेबलासारखी उभी असते आणि वाजवणारा माझ्यापुढे जेवायला बसल्यासारखा खुर्ची ओढून बसतो. माझं पूर्ण नाव पेडल स्टील गिटार. वर दहा तारा, खाली पायानं दाबायची पेडलं आणि मांडीपाशी गुडघ्यांनी ढकलायचे खटके, असा माझा संसार.

माझा जन्म लुइझियानाच्या किनाऱ्यावर, बोटी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये झाला. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं. तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं आणि मनासारखा आवाज आला की बायकोला हाक मारायची, एवढंच. त्याच्याकडून मला नेलं नोलन टेरियोनं.

नोलन हेलिकॉप्टर चालवायचा. किनाऱ्यासमोरच्या आखातात, भर समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवायची आणि परत आणायची, हे त्याचं काम. पहिल्या दिवशी तो माझ्यापुढे बसला आणि हसतच सुटला. बायकोला, अर्लीनला, म्हणाला, "अगं, हे तर माझं हेलिकॉप्टरच आहे. दोन हात, दोन पाय, प्रत्येकाला वेगळं काम. एकानं गडबड केली की बाकीच्यांनी सावरायचं."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," अर्लीन म्हणाली. "फक्त इथं सावरायला मी एकटी."

शनिवारी संध्याकाळी आम्ही क्लोव्हिस गिड्रीच्या नाचघरात असायचो. क्लोव्हिस आठवडाभर कोळंबीची जाळी ओढायचा आणि शनिवारी अकॉर्डियन. नाचून दमलेली माणसं बिअर घ्यायला थांबली की कुणीतरी नोलनला हमखास विचारायचं, दोन्हीत अवघड काय? नोलन गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "हेलिकॉप्टर सोपं. त्यात माणूस एकदाच पडतो. इथं मी दर शनिवारी पडतो, तेही सासुरवाडीसमोर."

क्लोव्हिस लगेच पुस्ती जोडायचा, की ह्याच्या हेलिकॉप्टरात बसणाऱ्यांना निदान लाइफ जॅकेट तरी देतात.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. माझ्या पट्टीवर रेघा आहेत, पण त्या नुसत्या डोळ्यांच्या समाधानापुरत्या. डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकत येते, ती नेमकी कुठं थांबवायची हे कानच सांगतो. नोलन म्हणायचा, हेलिकॉप्टर तेलविहिरीच्या फलाटावर टेकण्याआधी जसं क्षणभर तरंगतं, तसं सुरानं तरंगायचं आणि मग अलगद उतरायचं. तो सूर उतरवायचा तेव्हा नाचणाऱ्या बायका डोळे मिटायच्या.

पुढे एका तपासणीत डॉक्टरनं त्याला सांगितलं की इंजिनाच्या आवाजानं त्याचे कान निकामी होत चालले आहेत, उडणं आता सोडलेलं बरं. ते घरी सांगताना नोलन माझ्या तारा जुळवत होता. अर्लीननं विचारलं, मग काय ठरवलंस? तो म्हणाला, एक वर्ष उडतो आणि सोडतो. त्याचं प्रेम आम्हा दोघींवर होतं, माझ्यावर आणि त्या हेलिकॉप्टरवर. सवतींमध्ये निवड करायची त्याला हिंमत झाली नाही. त्या एका वर्षाला मग शेपूट फुटत गेलं.

दांडी हळूहळू रेघेच्या पुढे जाऊन थांबू लागली. केसभर, मग दोन केसभर. मला ते कळत होतं, पण वाजवणारा वाजवेल तसंच मला बोलावं लागतं.

माझ्यानंतर ते क्लोव्हिसला कळलं. सूर चढा लागला की अकॉर्डियनवरची त्याची बोटं अडखळायची. मध्यंतरात मात्र तो नोलनच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, झकास. आमच्यातल्या व्हायोलिनवाल्यानं एकदा विषय काढला, तेव्हा क्लोव्हिसनं त्याला मागच्या दाराशी नेलं. एका वादळात क्लोव्हिसची होडी उलटली होती आणि कुणी निघायला तयार नसताना नोलननं हेलिकॉप्टर काढलं होतं.

"ज्यानं मला पाण्यातून उचललं, त्याला मी बेसूर म्हणू?" क्लोव्हिस म्हणाला. "माझ्या तोंडून ते यायचं नाही."

तेव्हापासून माझ्या स्पीकरचा आवाज बारीक ठेवला जाऊ लागला आणि अकॉर्डियनचा मोठा. लोक नाचत होते. ते बघून नोलन खूश होता.

मग त्याच्या मुलीचं, मोनाचं, लग्न झालं. तिनं हट्ट धरला की नवऱ्याबरोबरच्या पहिल्या नाचाला फक्त बाबांनी वाजवायचं, बाकी कुणी नाही. क्लोव्हिसनं काहीबाही कारणं सांगून पाहिली. ती ऐकेना.

त्या संध्याकाळी मला झाकायला कुणी नव्हतं. चार सूर झाले आणि नवऱ्यामुलाचे भाऊबंद एकमेकांना कोपरं मारू लागले. कुणीतरी हसलं. नोलनला हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यानं क्लोव्हिसकडे पाहिलं. क्लोव्हिसनं मान खाली घातली. मोना चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता नाचत राहिली. नोलननं तो नाचाचा वाल्ट्झ शेवटपर्यंत वाजवला, मग हात काढले, मग पाय.

बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथं, मला पेटीत ठेवताना त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले," क्लोव्हिस म्हणाला.

"इंजिनात बिघाड आहे, हे वैमानिकाला सांगायचं नाही, ही कुठली मैत्री? तेव्हा बोलला असतास तर उडणं सोडलं असतं मी. एक कान तरी वाचला असता."

क्लोव्हिसनं पेटीचं दुसरं टोक उचललं. डॉक्टरनं बजावलं होतं, ते नोलननंही त्याला सांगितलं नाही.

पुढे उडणं सुटलं आणि मीही. क्लोव्हिस एकदा गम्बोचं, कोळंबीच्या दाट रश्शाचं, पातेलं घेऊन घरी आला, अंगणात बसला, पावसापाण्याचं बोलला आणि उठून गेला. काही वर्षांनी तो वारला. नोलन शवपेटीपाशी उशिरापर्यंत बसून होता. अर्लीनही गेल्यावर मोनानं बापाला आणि मला आपल्या घरी आणलं.

तुमच्या ओळखीत कुणी वाजवत असेल, गात असेल, तर त्याचा सूर हलला की त्याला सांगा. तो रागावेल, रागावू द्या. माझ्यासारखीला तोंड नसतं. तुम्हाला आहे.

परवा मोनानं मला ओसरीवर उभं केलं. तारा गंजल्या आहेत, एक खटका अडकतो. नोलन बसला, पायांना पेडलं आपोआप सापडली आणि त्यानं तोच वाल्ट्झ वाजवला. संपल्यावर विचारलं, "कसं झालं?"

मोना त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "भयंकर, बाबा."

नोलन डोळे पुसावे लागेपर्यंत हसला. "चढा की उतरा?"

"चढा."

मग मोना त्याच्यासमोर उभी राहिली आणि फलाटावरचा माणूस हेलिकॉप्टर उतरवून घेतो तसा तळहात हळूहळू खाली आणू लागली. नोलन तिच्या हाताकडे बघत दांडी मागे घेत होता. जास्त झालं की ती हात वर करायची. शेवटी तिनं मूठ मिटली.

सूर लागला होता. नोलननं दांडी तशीच धरून ठेवली आणि तो मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तो सूर ऐकू आला फक्त मोनाला आणि मला.