जेरीचा रोल

"नलू, गॅस बंद कर. चाळीसच्या वर गेलं."

"अहो, पाणीच आहे ते, उतू जायला दूध नव्हे," नलू म्हणाली, पण गॅस बंद केला.

चिंतामणी मोरीच्या कट्ट्यावर बसून डोळ्यांत तेल घालून थर्मामीटरकडे पाहत होता. पारा बरोबर अडतीसवर यायला हवा होता. दादरच्या एका कलर लॅबमध्ये त्याने एकतीस वर्षं मशीनला रोल भरवले होते आणि एकाही गिऱ्हाइकाचा रोल त्याच्या हातून वाया गेला नव्हता. हे तो स्वतःहून कधी सांगत नसे. फार तर वर्षातून दहा-बारा वेळा. लॅब बंद झाली, तेव्हा तो घरीच हाताने रोल धुवायला शिकला. बादलीत गरम पाणी, पाण्यात दोन बाटल्या आणि बाटल्यांवर नलूच्या नेलपॉलिशने काढलेले लाल आकडे. एक म्हणजे डेव्हलपर, चित्र वर आणणारा. दोन म्हणजे ब्लिक्स, ते पक्कं करणारा. चुकून दोन नंबर आधी पडला, तर फिल्मवरचं सगळं धुऊन जातं आणि मग ते कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

बाहेरच्या खोलीत विनिफ्रेड चहाचा कप हातात धरून बसली होती. गिरगावात समोरासमोर राहून दोन्ही घरांना चाळीस वर्षं झाली होती. तिच्याबरोबर तिची भाची मेलानी आली होती. तिशीतल्या या बाईला जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढायचं वेड होतं. तिच्या पर्समध्ये मित्रमंडळींचे पाच रोल होते. "अंकल, आंटीचा हा रोल नीट आला ना, तर आमच्या ग्रुपचं सगळं काम तुमच्याकडे," असं ती रविवारी म्हणाली होती. तेव्हापासून चिंतामणीची चाल बदलली होती, असं नलूचं मत होतं.

हा रोल मात्र साधा नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या नाताळात विनिफ्रेडच्या नवऱ्याने, एडवर्डने, तो कॅमेऱ्यात घातला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो मुलाचे काढले. जेरी करंज्या तळताना, जेरी गिटार घेऊन, जेरी आईला नाचायला ओढताना. जानेवारीत जेरी काविळीने गेला. एकोणीस वर्षांचा होता. एडवर्डने रोल कधी धुवायला दिला नाही. घरातल्या अल्तारावर मेरीमातेच्या पायाशी ठेवला आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर मेणबत्ती लावली. कोणी विचारलं, तर म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. जेरी हाय आत." गेल्या वर्षी एडवर्डही गेला, तेव्हापासून मेणबत्ती विनिफ्रेड लावू लागली. आणि आता विनिफ्रेडला मुलाचं तोंड पाहायचं होतं.

चिंतामणीने काळ्या पिशवीत हात घालून अंदाजाने फिल्म रिळावर चढवली आणि डबा बंद केला. "एक नंबर दे." नलूने बाटली दिली. सव्वातीन मिनिटं त्याने डबा हलवला, आपटला, हलवला. मग दोन नंबर. मग पाण्याने धुणं. मग झाकण उघडून त्याने फिल्म दिव्यासमोर धरली.

कोरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत मळकट नारिंगी, एकही चौकट नाही. त्याने ती उलटी करून पाहिली. मग त्याची नजर कडेला गेली. कडेला कारखान्यात उजेडाने छापलेले, डेव्हलपर नीट लागला तरच वर येणारे आकडे होते, एकपासून छत्तीसपर्यंत, सगळे वाचता येण्यासारखे. म्हणजे धुण्यात काही चुकलं नव्हतं. फिल्म कॅमेऱ्याच्या चक्रीत अडकलीच नव्हती. एडवर्ड छत्तीस वेळा नुसता खटका दाबत राहिला होता, आणि मग मरेपर्यंत रिकाम्या रोलपुढे मेणबत्ती लावत राहिला होता.

लॅबमध्ये असे रोल महिन्याला दोन-चार यायचे. "काका, आत काहीच आलेलं नाही," एवढं सांगून पाकीट परत करायचं. चिंतामणीने हे वाक्य शेकडो वेळा उच्चारलं होतं. आज ते तोंडातून निघेना. त्याने फिल्म मोरीतल्या दोरीवर लटकवली, हात पुसले आणि तो बाहेर आला.

विनिफ्रेड उठून उभी राहिली. "आयला रे जेरी?"

"विनीबाय, माझ्या हातून घाण झाली," तो म्हणाला. "बाटल्या बदलल्या. दोन नंबर आधी पडली."

नलू दारात होती. "अहो, बाटली तर..." त्याने तिच्याकडे पाहिलं.

"पण बाटल्यांवर नंबर आहेत ना, अंकल?" मेलानी म्हणाली. "फिल्म दाखवा तरी. थोडं काही वाचलं असेल."

"काही उरलं नाही. फेकली मी." हे मात्र त्याला मेलानीकडे न बघता म्हणावं लागलं.

विनिफ्रेड रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "म्हंजे होता आत," ती हळूच म्हणाली. "वीस वर्सा होता आत."

"होता," चिंतामणी म्हणाला.

तिने चप्पल घातली. मेलानीने पर्सची चेन लावून टाकली. पाच रोलांचा विषय तिने काढला नाही, त्यानेही नाही. जिन्याशी विनिफ्रेड थांबली.

"एडवर्ड बोलायचा, देयाचा झाला तर चिंतामणीलाच देऊ, दुसऱ्या कोणाला नको. बरा झाला, आज तो नाय."

त्या गेल्या. नलूने अर्धवट राहिलेला चहाचा कप उचलला. "एक नंबर मीच दिली होती तुमच्या हातात," ती म्हणाली.

"हो."

आता तिन्हीसांजेला समोरच्या घरात मेणबत्ती लागेल की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. तो मोरीत गेला. फिल्म वळू नये म्हणून त्याने तिच्या खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावला, दोन बोटांनी वरून खालपर्यंत पाणी निपटून काढलं, गिऱ्हाइकाच्या रोलचं काढायचा तसंच. छत्तीस आकडे होते. एकही पुसट नव्हता.