मधला पट्टा

"अंबाजी, गाडी काढ! मागं बघ, मागं!" लाल निशाण घेऊन बहिरू कार्ल्याच्या फाट्यावर धावत सुटला.

अंबाजीची बैलगाडी रस्त्याच्या ऐन मधोमध उभी होती, उजवीकडे गावात वळायला. कामशेतच्या भातगिरणीवरून आणलेल्या पोत्यांवर त्याची बायको कस्तुराबाई बसली होती. समोरून मुंबईच्या गाड्यांची रांग संपत नव्हती आणि मागून एक ट्रक भरधाव येत होता.

अंबाजीचं काहीच चुकलं नव्हतं. मध्ये थांबायला त्याला बहिरूनंच शिकवलं होतं.

बहिरू रस्त्याच्या खात्यात मैलकुली. वीस वर्षं खड्डे बुजवण्यात गेली. महिन्यापूर्वी साहेबांनी फाट्यावर रस्ता रुंद करून पांढरे पट्टे मारून घेतले. उजवीकडे वळणाऱ्यानं मधल्या पट्ट्यात थांबायचं, सरळ जाणाऱ्यानं त्याच्या डावीकडून जायचं. ब्रश बहिरूच्या हाती. गडी असा फुगला की विचारू नका! तोवर गाडीवान डाव्या कडेला उतरत, सगळी वाहनं गेली की बैलांचे कासरे धरून रस्ता ओलांडत. बहिरूनं घरोघर जाऊन ती रीत मोडून काढली. "आता आपल्यालाबी जागा हाय, आबा. कडंला कशापायी उभं ऱ्हायचं?"

ट्रकवाल्यांच्या घरी कोण जाणार होतं?

करकचून ब्रेक लागले. ट्रक गाडीचं डावं चाक मोडून, डावा बैल उडवून पुढं जाऊन थांबला. कस्तुराबाई पोत्यांसकट खाली आली, हात मोडला पण वाचली. अंबाजी बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"शिव्या दे मला," बहिरू रडत म्हणाला.

"तुला कशाला? तू म्हनलास थांब, मी थांबलो."

त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या बाजाराला सगळे गाडीवान पुन्हा डाव्या कडेला थांबले. बहिरूला कोणी बोल लावला नाही. शेजाऱ्याचा बैल जुंपून अंबाजीही आला. कडेला त्यानं बहिरूकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि गाडी सरळ मधल्या पट्ट्यात घेतली.

बहिरू धावत गाडीच्या मागं गेला आणि कामशेतकडे तोंड करून उभा राहिला, निशाण उंच धरून. लांबून एक ट्रक येताना दिसला.

"जाऊ का रं?" अंबाजीनं विचारलं.

"म्होरलं तू बघ. मागं मी हाय."

ट्रक मोठा होत गेला. बहिरू पट्ट्यावरून हलला नाही, आणि ट्रक त्याच्यापुढं येऊन थांबला. पाठीमागं घुंगरं वाजली आणि हळूहळू उजवीकडे, गावाच्या दिशेनं गेली. ती ऐकू येईनाशी झाल्यावरच त्यानं निशाण खाली केलं.