शनिवारचा शेंदूर

"खरं सांगजो पुनाजी. पेट्रोल विकून राकेल भरून राह्यला का गा तू?"

सदाशिवराव हे विचारताना ओरडले नाहीत, तेच पुनाजीला जास्त लागलं. पवनारच्या अलीकडच्या चढावर गाडी आजही बंद पडली होती. मागं सरकीची पोती, पुढं सरकीचे व्यापारी सदाशिवराव, आणि बॉनेटखाली डोकं घालून उभा त्यांचा ड्रायव्हर.

"मालक, काय बोलून राह्यले तुमी?"

"मी नाई, बजार बोलून राह्यला. बाबाराव म्हणे, राकेल पेल्याबिगर गाडी अशी ठसकत नाई."

बाबाराव दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. त्याला काय, बोलायला पैसे पडत नव्हते.

"उद्या पुन्हा बंद पडली, तं चाबी त्याच्या हाती देतो. मंग तू अन् तुही इमानदारी, दोघंही घरी बसजा."

पुनाजीनं टाकीकडून येणारी नळी सोडली. कोरडी. तोंड लावून त्यानं टाकीच्या बाजूला जोरानं फुंकर मारली, आतून बुडबुड आवाज आला आणि पेट्रोल वाहू लागलं. रोज असंच व्हायचं. फुंकर मारली की गाडी चालू, चार-पाच मैल गेली की पुन्हा बंद. नळीच्या तोंडाशी काहीतरी अडकतं आणि फुंकरीनं सरकतं, अशी त्याची खात्री झाली होती.

लढाईनंतरच्या लष्करी लिलावातली ती जुनी पिकअप सेलूला पुनाजीच्याच अंगणात उभी राही. त्या दिवशी उजेड असतानाच त्यानं टाकी उतरवली. सगळं पेट्रोल बायकोच्या, कमलाच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. चिमूटभर गंज निघाला, बस. टाकीत खडे टाकून ती हलवली, विसळली, उन्हाकडे धरून पाहिली. पाणी नाही, राकेलचा वास नाही.

"जेवता का?" कमलानं दारातून विचारलं.

"ठेव झाकून."

"कव्हाचं झाकूनच हाये."

तो जेवला, पण काय जेवला ते त्याला कळलं नाही. अंथरुणावर पडल्यावरही तोंडानं नळी फुंकल्यासारखा श्वास सोडत राहिला. कमला कूस न बदलता जागी होती.

सकाळी त्यानं टाकी बसवली आणि गाडी अंगणातच चालू ठेवली. इंजिन छान धडधडत होतं. बऱ्याच वेळानं ठसकलं, आचके दिले, मेलं. टाकी तर भरलेली! पातळी पाहायला त्यानं झाकण फिरवलं, तर सुर्रकन आवाज झाला. टाकीनं हवा आत ओढली होती. पुनाजी हातात झाकण घेऊन तसाच उभा राहिला.

कमला न्हाऊन, ओल्या केसांनी, वाटी घेऊन आली. आज तिचा शनिवार होता.

"द्या इकडं झाकण."

एका पावसाळ्यात ही गाडी नाल्यात उलटली होती. पेट्रोल सांडलं, पण पेटलं नाही. पुनाजी खरचटण्यावर निभावला. तेव्हापासून दर शनिवारी निर्जळी राहून टाकीच्या झाकणाला मारुतीचा शेंदूर लावायचा, हे कमलाचं व्रत होतं. तापात असतानाही तिनं ते चुकवलं नव्हतं. झाकणावर लाल-केशरी थर चढले होते. तिनं अंगठ्यानं शेंदूर घेतला आणि झाकणाच्या मधोमध दाबला.

"थांब व!" पुनाजीनं थर नखानं खरवडून पाहिला.

"काऊन?"

"हे सुटत काऊन नाई आता? पयले तं पुसलं का निघे."

"जवसाच्या तेलात कालवतो ना मी दिवाळीपासून. पाण्यानं सुटे, बरं नाई वाटे मले. आता पाहा कसा धरून राह्यते."

पुनाजी दगडावर बसला. सांगावं की न सांगावं, असं त्याला झालं. पण ती समोरून हलेना.

"टाकीतून पेट्रोल गेलं का तितकी हवा आत याले पायजे," तो झाकणाकडे पाहत म्हणाला. "मधात बारीक भोक असते. ते बुजलं का टाकी पेट्रोल सोडत नाई. मी फुंकत होतो तं हवा जात होती, म्हणून चालू होत होती. अन् मी कचरा पाहून राह्यलो!"

कमलाला समजायला वेळ लागला नाही. तिनं वाटी खाली ठेवली.

"मारुती तं वाऱ्याचा लेक," ती हळूच म्हणाली. "त्यानं कायले वारा अडवला असता? मीच अडवला."

"तुले काय मालूम होतं?"

तिनं गोधडीची सुई आणली. खरवडलं नाही, कडेनं हळूहळू उचलत गेली. थराची अख्खी खोळ हातात आली आणि खालचं भोक मोकळं झालं. देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ उतरली की नदीत सोडतात. तिनं ती पळसाच्या पानात ठेवली आणि मागच्या पोत्यांवर जाऊन बसली. "धाम नदीच्या पुलावर उतरवजा मले," एवढंच बोलली.

सदाशिवराव गाडीत बसल्यापासून घड्याळ पाहत होते. चढ आला. पुनाजीनं गिअर बदलला. गाडी चढली. एक ठसका नाही, आचका नाही.

"पाह्यलं?" सदाशिवराव हसले. "दम देला का गाडी बरोबर सुधरते. काल रातीच असली पेट्रोल भरलं वाट्टे?"

एका वाक्यात पुनाजी सुटला असता. पण मग बाजारातल्या चहाच्या टपरीवर कमलाचं व्रत चघळलं गेलं असतं, बाबाराव हसून हसून ठसकला असता. तो समोर पाहत राहिला.

"बोल ना गा. चोराले तोंड नसते का?"

पुलाशी मागून टपावर थाप पडली. पुनाजीनं इंजिन चालूच ठेवून गाडी थांबवली. कमला उतरली, पण नदीकडे गेली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून मालकाच्या खिडकीशी आली. तिनं पळसाचं पान उघडलं.

"चोर पाह्याचा हाये ना मालक? हा घ्या. टाकीच्या झाकणाले माह्या हातचा शेंदूर. भोक बुजलं, म्हणून गाडी मरे. यायनं पेट्रोल विकलं नाई."

सदाशिवरावांचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. नमस्कार अर्धाच झाला.

"मंग हे यानं काऊन नाई सांगतलं?"

कमलानं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. पान मिटलं आणि घाटाच्या पायऱ्या उतरू लागली.

सदाशिवरावांनी घड्याळ पाहिलं. "चाल गा, बजार सुरू झाला असन. तुही बायको येईन पायी."

पुनाजीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"येऊ द्या तिले, मालक," तो म्हणाला.

कितीतरी दिवसांनी ती गाडी कुणीतरी बंद केली म्हणून बंद झाली होती. खालून पाण्याचा आवाज येत होता.