मण्याशेजारचे साखरेचे दाणे

जपानातल्या इझुमोजवळच्या आमच्या गावात जुन्या सरदारांच्या थडग्यांच्या टेकड्या पायलीच्या पन्नास आहेत. त्यातली एक किनुयोताईंच्या संत्र्याच्या बागेखाली निघाली. वरून रस्ता जाणार होता, म्हणून ती उकरायला घेतली. उकरणाऱ्या आम्हीच, गावातल्या साठी उलटलेल्या बायका, डोक्याला टॉवेल, हातात खुरपी. शिकलेले एकटे उत्खननाचे मोरिवाकीसाहेब, त्यामुळे बिचाऱ्यांना दिवसभर आमच्या गप्पा ऐकाव्या लागत.

किनुयोताई शहात्तर वर्षांच्या. माझ्या शेजारच्या, दोरीने आखलेल्या चौकोनात बसून माती खरवडायच्या. एकदा दहाच्या चहाला त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तोमिए, उद्या शवपेटी उघडणार म्हणे. मग सगळं खोक्यांत भरून नेतील. त्याआधी मला एक मणी परत करायचाय."

सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीला, फुसाएला, तो बागेत सापडला होता. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. नऊ वर्षांची होती. थडग्यातलं उचललं म्हणून गेली, असं गाव म्हणालं आणि घरानेही ते मानलं. आईने पुन्हा तिचं नाव घेतलं नाही. मणी देवघराच्या खणात पडून राहिला.

"साहेबांना देऊन टाका की," मी म्हटलं.

"साहेबांचा आहे का तो? ज्याचा त्याला द्यायचा. नाहीतर वर गेल्यावर फुसाएला काय तोंड दाखवू?"

म्हातारीच्या जिवाला बरं वाटत असेल तर पुरू दे तो मणी, असं मनात म्हटलं. सहा वर्षं हे काम करतेय, पण मातीत एक वस्तू बाहेरून घुसली की सगळी नोंद खोटी ठरते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब ताईंच्या चौकोनात वाकले आणि ओरडलेच. हिरव्या दगडाचा, काजूगरासारखा वाकलेला मणी! आम्ही सगळ्या धावलो. साहेबांचा चेहरा आधी फुलला, मग पडला. मणी लख्ख होता. आमच्याकडे उसनी वस्तू मळकी परत करत नाहीत, म्हणून ताईंनी तो तांदळाच्या कोंड्याने घासला होता. नुसतीही परत करत नाहीत, म्हणून शेजारी हलव्यासारखे काटेरी साखरेचे तीन दाणे ठेवले होते. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"पंधराशे वर्षं टिकलेली साखर," साहेब म्हणाले. "कुणाचं काम हे?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किनुयोताई गुडघे धरत उठल्या.

"माझं."

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेब ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त चष्मा पुसला.

"आजी, ज्याला परत करायचं त्याचं घरच आपण मोडतोय. निदान खरं तरी लिहू. कुठे सापडला होता?"

"तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी."

साहेबांनी नोंदीच्या कार्डावर झाड लिहिलं, वर्ष लिहिलं, आणि खाली: शोधणारी, फुसाए, वय नऊ. ताईंनी कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ वाचलं.

"हे नाव खोडा."

"का हो?"

"मणी मी उचलला होता. सहा वर्षांची होते. चिखलाने भरला होता म्हणून तिच्याकडे दिला. आईने तो तिच्या मुठीत पाहिला, आणि मी काही बोलले नाही."

कुणीच हसलं नाही. साहेबांनी नावावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: किनुयो, वय सहा. ते पेन खिशात ठेवणार, तोच ताईंनी त्यांचा हात धरला.

"त्याच्या खाली लिहा," त्या म्हणाल्या, "धुतला फुसाएने."