गोगलगायींच्या शेजारची खुर्ची

लेखिकेला विज्ञानाची भारी ओढ होती. विज्ञान मात्र तिला काही केल्या दाद देत नव्हतं. तिच्या प्रत्येक कादंबरीत कुणी ना कुणी शास्त्रज्ञ असायचाच, आणि त्याच्या हातून काहीतरी अचाट घडायचंच. वाचक खूश असत. एक वाचक तर पुस्तक बाजारात आलं रे आलं की जेवणाच्या वेळी फोन करायचा. तो निवृत्त मास्तर होता, भौतिकशास्त्राचा. कथानक छान जमलंय, अशी गोड सुरुवात करून तो एकेक चूक काढायला लागे, तोवर लेखिकेच्या ताटातलं सगळं गार होऊन जाई. मागच्या कादंबरीत तिने पौर्णिमेचा चंद्र भर मध्यरात्री उगवायला लावला होता. चंद्राला रात्रपाळी का दिलीत, असं मास्तरांनी अगदी मृदू आवाजात विचारलं, आणि त्या मृदूपणानेच ती जास्त खजील झाली.

तिने मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या कादंबरीत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही.

पुढची कादंबरी गोगलगायींच्या स्मरणशक्तीवर होती. हा विषय तिला कुठल्याशा मासिकात सापडला होता. एवढासा जीव, मेंदू नावापुरता, आणि तरी त्याला काही गोष्टी आठवतात, या कल्पनेने ती हरखून गेली. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात असतात हे तिने सांगितलं तेव्हा त्याने जेवता जेवता घास थांबवला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर धंद्याचं तेज चमकून गेलं. पण गोगलगायी घरात आणायच्या नाहीत, एवढं त्याने स्पष्ट बजावलं. याआधी एका कादंबरीसाठी तिने फ्रिजमध्ये बुरशी वाढवली होती, आणि त्याच्या मते ती अजून पुरती गेलेली नव्हती.

मग तिने ओळखीपाळखी काढून एका प्रयोगशाळेत बसायची परवानगी मिळवली. तिथले प्रमुख म्हणजे उंच, किडकिडीत गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला दोन टेबलं दाखवली. दोन्हींवर काचेच्या टाक्या आणि टाक्यांत पाण्यातल्या गोगलगायी. पहिल्या टेबलावरच्या गोगलगायींना आधी दिवा दाखवायचा आणि लगेच साखरपाणी द्यायचं. काही दिवसांनी नुसता दिवा लागला तरी त्या तोंडाची उघडझाप करायला लागतात, म्हणजे शिकल्या. दुसऱ्या टेबलावर दिवा एका वेळी, साखरपाणी भलत्याच वेळी. या गोगलगायींनी काहीही शिकायचं नाही, एवढंच त्यांचं काम. पहिल्यांची तुलना करायला म्हणून त्या ठेवलेल्या. ही ढ मंडळी, असं सर कौतुकाने म्हणाले.

रिकामी खुर्ची एकच होती, ती या ढ मंडळींच्या शेजारी. लेखिका तिथे वही-पेन घेऊन बसली आणि शोध लागायची वाट पाहू लागली.

शोध काही लागेना. लोक टाक्या धूत, पाणी बदलत. पाण्यात हवा सोडणारा पंप दिवसभर घुर्रऽऽ करत राही. तो बिघडला की सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन माना डोलावत. संशोधन करणारी एक मुलगी होती, अंगाने लहान आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तिचा अर्धा दिवस कॅमेऱ्याने टिपलेली गोगलगायींची तोंडं मोजण्यात जाई. उरलेला अर्धा आपण मोजताना चुकलो तर नाही ना, हे पाहण्यात.

आपल्यावर कादंबरी होतेय ही बातमी मात्र बरोबर पसरली. आठवड्याभरात प्रयोगशाळेचा नूरच पालटला. सरांच्या सदऱ्याला इस्त्री आली. ते खिडकीशी उभे राहून, निसर्ग आपली गुपितं हळूच सांगतो, अशी वाक्यं टाकू लागले आणि टाकल्यावर लेखिकेच्या पेनाकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. एकदा त्यांनी सहज म्हणून विचारलं, कादंबरीतला शास्त्रज्ञ दिसायला कसा आहे. लेखिकेने त्याला टक्कल दिलं होतं. सरांचा हात नकळत आपल्या डोक्याकडे गेला, तिथे त्याला फारसं काही लागलं नाही, आणि लेखिकेला इतकं ओशाळल्यासारखं झालं की घरी जाऊन तिने शास्त्रज्ञाला दाट केस बहाल केले.

तिचं घोडं अडलं होतं ते शोधाच्या प्रकरणापाशी. तिच्या शास्त्रज्ञाला शोध लागतो तेव्हा तो काय करतो? धावत सुटतो, ओरडतो की रडतो? ती लिहायची, खोडायची, आणि अडली की पेन टेबलावर आपटायची. ही तिची जुनी खोड. टकटक, मग जरा थांबून टक, मग एकदम टकटकटक. घरी नवरा या आवाजाला वैतागून दवाखान्यात जाऊन बसायचा.

शिवाय चिमणी दुसऱ्या टेबलाला साखरपाणी द्यायला आली की नेमकी लेखिकेच्या उजेडात उभी राही. वाक्य डोक्यात अर्धवट लटकलेलं, वहीवर अंधार. बाजूला हो म्हणायचा संकोच वाटे. मग चिमणी हलेपर्यंत पेन चालूच. टकटक, टक, टकटकटक.

असे बरेच दिवस गेले. मग दुसऱ्या टेबलाचे आकडे बिघडले.

ज्यांनी काही शिकायचं नाही त्या गोगलगायी अधूनमधून तोंडं उघडू लागल्या. दिव्याला पाहून नव्हे, उगाचच. बसल्या बसल्या एकदम सगळ्या टाकीभर तोंडांची उघडझाप सुरू व्हायची आणि थांबायची. सरांनी पाणी तपासलं. साखर बदलली. पंप बदलला. खिडकीवर पडदा टाकला, त्यामुळे निसर्गाच्या गुपितांची वाक्यंही बंद पडली. इस्त्री गेली, दाढी वाढली. अख्ख्या हंगामाचं काम पाण्यात जायची वेळ आली होती. लेखिका मात्र मनातल्या मनात खूश होती. आता कुठे चेहऱ्यांवर भाव दिसत होते. ती सरांच्या कपाळावरच्या आठ्यांचं वर्णन करण्यात गढून गेली, आणि शब्द अडला की टकटक करत राहिली.

एका दुपारी चिमणी संगणकापुढे बसून जुनं चित्रण पाहत होती. मग ती उठली आणि लेखिकेच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, परवा तुम्ही आला नव्हतात ना?"

लेखिका म्हणाली, नाही, नवऱ्याच्या दवाखान्यात माणूस कमी होता म्हणून तिकडे गेले होते.

"आणि त्याच्या आदल्या आठवड्यात लग्नाला गेला होतात."

"हो. का गं?"

चिमणीने लेखिकेच्या हातातलं पेन अलगद खाली टेबलाकडे दाबलं आणि डोळ्यांनी खुणावलं. लेखिकेला काही उमगेना. गोंधळली की ती जे करायची तेच तिने केलं. टकटक, टक.

टाकीतल्या गोगलगायींनी आ वासला.

चिमणी म्हणाली, "अच्छा, असंय होय," आणि टाकीपाशी वाकून पाहत राहिली. बस, एवढंच. कुणी धावलं नाही, कुणी रडलं नाही. सर आले, त्यांनी दोनदा टकटक करायला लावली, दोनदा पाहिलं, आणि डोळे मिटून खुर्चीवर टेकले.

लेखिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या माणसांच्या मेहनतीची तिने माती केली होती, आणि तीही पेनाच्या मागच्या टोकाने. ती माफी मागू लागली, उद्यापासून येत नाही म्हणाली, वही पिशवीत कोंबू लागली. सरांनी डोळे उघडले. तुम्ही आता कुठेही जायचं नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग होता की लोभ, हे तिला कळेना.

लोभच होता. दिव्याचा प्रयोग फसला तो फसला. पण साखरपाणी येतं तेव्हा टकटक होते हे हेरून या गोगलगायी कुणीही न शिकवता टेबलाच्या हादऱ्यांवरून खाण्याची वेळ ओळखायला शिकल्या होत्या. हे नीट सिद्ध करता आलं तर मूळ प्रयोगापेक्षा मोठं काम होतं. म्हणून सरांनी टकटक करणारं एक यंत्र बनवून घेतलं. यंत्र दिवसभर ठोकत बसलं. गोगलगायींनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चिमणीने तर्क बांधला की पंपाच्या एकसारख्या थरथरीची त्यांना सवय आहे, म्हणून एका लयीत वाजणारं काहीही त्या सोडून देतात. त्यांना लेखिकेचीच, अडखळत येणारी टकटक हवी.

लेखिकेला मानाने खुर्चीवर बसवण्यात आलं. सर घड्याळ घेऊन उभे, चिमणी कॅमेऱ्यापाशी. वाजवा म्हटल्यावर लेखिकेने वाजवलं, आणि ते शाळेतल्या कवायतीसारखं एक-दोन-एक-दोन वाजलं. गोगलगायी ढिम्म. तिने मुद्दाम वेडंवाकडं वाजवून पाहिलं. त्यातही हळूहळू ताल येऊ लागला. शेवटी चिमणी म्हणाली की मॅडम, असं नाही होणार, तुम्हाला खरोखरच अडावं लागेल.

पंचाईत अशी की लेखिका आता अडतच नव्हती. शोधाचं प्रकरण तिला डोळ्यांदेखत आयतं मिळालं होतं. अच्छा, असंय होय, इथून ते सुरू झालं आणि लेखणी अशी सुटली की थांबायचं नाव घेईना. पानामागून पानं भरत होती. पेन कागदावरून उचललंच जात नव्हतं, तर आपटणार कुठून? सर लांबूनच तिच्या खांद्यावरून डोकावत आणि ती सुखाने लिहितेय असं दिसलं की उसासा टाकत. चिमणी रोज सकाळी आशेने विचारी की आज काही अडचण आहे का. नाही म्हणताना लेखिकेला अपराधी वाटे. आयुष्यात पहिल्यांदा तिचं लिहिणं बरं चाललंय म्हणून चार माणसं खिन्न झाली होती.

तिने रात्रीच्या जेवणाला नवऱ्यापाशी हे गाऱ्हाणं मांडलं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुला न जमणारं काहीतरी लिही की," तो म्हणाला.

"काय?"

"प्रेमप्रसंग."

तिला झोंबलं, पण होतं खरं. एवढ्या कादंबऱ्या झाल्या, पण दोन माणसं एकमेकांच्या जवळ येऊ लागली की ती प्रयोगशाळेला आग तरी लावायची, नाहीतर कुणाचा तरी फोन वाजवायची. दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीत बसून नव्या पानावर लिहिलं की तो तिच्याजवळ आला. बस्स. तिथेच गाडं रुतलं. तो जवळ आला, आणि मग काय? टक. हात धरला? छे. टकटक. काही बोलला? काय बोलेल कप्पाळ? टक, टकटकटक.

टाकीत सगळी तोंडं उघडली. चिमणीने तोंडावर हात धरून हसू दाबलं, आणि सर चवड्यांवर, आवाज न करता, बाहेर जाऊन मोकळे हसून आले.

पुढचे कित्येक दिवस लेखिका त्या एका प्रसंगात रुतून बसली आणि प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला. सुचत नसलं की ती टाकीकडे पाहत राही. एक गोगलगाय दुसरीच्या दिशेने निघायची. थोडं अंतर काटायची. शिंगं पुढे करायची आणि काचेला जराशी टेकली तरी आत ओढून घ्यायची. मग बराच वेळ काहीच नाही. आता ही परत फिरणार असं वाटावं, तोवर एक शिंग हळूच बाहेर, मग दुसरं. घाई नाही, बोलणं नाही, पण जायचं तिकडेच. लेखिका बघत राहिली. मग तिने लिहायला घेतलं, एक ओळ, मग बऱ्याच वेळाने दुसरी. नायक दाराशी आला. थांबला. काहीतरी बोलायला गेला आणि मागे सरला. पुन्हा आला. तिने त्याला अजिबात घाई करू दिली नाही.

प्रयोग पुरा झाला. सरांचा निबंध एका चांगल्या नियतकालिकात छापून आला. त्यात चिमणीचं नाव पहिलं होतं, आणि शेवटी आभार मानताना लेखिकेचा उल्लेख अनियमित कंपनांचा स्रोत असा केला होता. नवऱ्याने ते पान चौकट करून दवाखान्यात लावलं. कुणी विचारलंच तर, दात कोरण्याचं यंत्र चालू असतानाही, तो त्याचा अर्थ समजावून सांगे.

कादंबरी आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. शोधाचं प्रकरण फार साधं झालंय, तिथे थोडं ओरडायला हवं होतं, असं प्रकाशकाचं मत होतं. वाचकांना मात्र वेड लागलं ते प्रेमप्रसंगाचं. इतका संकोची, इतका हळुवार पुरुष आपण पुस्तकात आजवर पाहिला नव्हता, असं बायका तिला थांबवून सांगत.

पुस्तक द्यायला ती प्रयोगशाळेत गेली तेव्हा सरांनी ते आधीच विकत घेऊन वाचलेलं होतं. चिमणी पंपाशी झटापट करत होती. ती इकडे पाहत नाही अशी खात्री करून सर खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दाराशी थांबणाऱ्या माणसात तुम्ही माझं बरंच काही घेतलंत. मला आवडलं." आणि त्यांनी उरलेल्या केसांवरून हात फिरवला. लेखिका हसली आणि म्हणाली, आवडलं ना, मग झालं.

संध्याकाळी ती घरी आली तर नवरा दिवाणखान्यात पुस्तकातलं तेच, दाराशी थांबण्याचं पान उघडून बसला होता. चष्मा कपाळावर, डोळे जरा ओलसर. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाला, "लग्नाआधी तुमच्या दारात आलो होतो तेव्हा मी अगदी असाच वागलो होतो, नाही? तुझ्या इतकं लक्षात असेल असं वाटलं नव्हतं."

त्या दिवशी तो बेल दाबून सरळ आत आला होता आणि तिच्या वडिलांना त्यांची दाढ काढायला हवी असं सांगून मोकळा झाला होता, हे तिला लख्ख आठवत होतं. ती त्याच्या शेजारी सोफ्यावर टेकली.

"सगळं लक्षात आहे माझ्या," ती म्हणाली, आणि पुस्तकाचं पान त्याच्यासाठी उलटून दिलं.