वरचा चौकोन

"बोटाने असं ताणू नकोस गं, फाटेल ते," माडुबे म्हणाली.

"फाटत नाही, गोगो. फोनवरचा नकाशा मोठा होतो." थांडेका आजीकडे बघून हसली.

नात शहरात शिकून वणव्याच्या खात्यात लागली होती. उपग्रहाने काढलेल्या डोंगराच्या फोटोंवरून गवतात किती पाणी उरलंय, ते ती सांगायची. पण त्या फोटोंना अक्कल शिकवायची ती आजीच्या वजनांनी. बावीस वर्षं माडुबे वरच्या उतारावर लोखंडी चौकोन टाकून आतलं गवत कापत आली होती. आधी ओलं तोलायचं, मग भट्टीत वाळवून पुन्हा तोलायचं. कमी भरेल ते पाणी.

"वरचा उतार फोटोत वाळका दिसतो," थांडेका सांगत होती, "पण तुझ्या वजनांशी ताडलं की कळतं, आत ओल आहे. म्हणून उद्याच जाळपट्टा काढतोय, वणवा अडवायला आपणच पट्टाभर गवत जाळायचं. आग रांगत जाईल, पळणार नाही."

माडुबेने कप खाली ठेवला. त्या पट्ट्याच्या वर सात घरं होती, सातही गवती छपरांची.

"कोणती वजनं घेतलीस?"

"शेवटच्या दोन वर्षांची."

'हे असं का केलंस' म्हणून माडुबेला विचारायची घरात कुणाची टाप नव्हती. सुना तर तिची चाहूल लागली की चुलीशी वळायच्या. ती गुडघा चोळू लागली.

"माझे बूट आण. वर जायचंय."

"गुडघा बरा नाहीये तुझा."

"तेच सांगतेय. दोन वर्षं बरा नाहीये. मी वर गेलेच नाही. तारेचा चौकोन वाकवून ओढ्याकाठचं कापलं, आणि लिहिलं वरचं म्हणून."

थांडेकाच्या हातातला नकाशा विझून काळा झाला.

"मला सांगायचंस ना, गोगो."

"काय सांगू? म्हातारी झाले म्हणून? ते तुला दिसत नव्हतं?"

थांडेकाने खात्यातल्या वरिष्ठांना फोन लावला. "बाबा न्टुली, उद्याची आग थांबवा. वजनं चुकलीत."

"कुणी चुकवली?" पलीकडून आवाज आला.

माडुबेने थांडेकाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मी. चुकली नाहीत, खोटी लिहिली. लिहून घे, आणि नाव नीट लिही. मागल्या वेळी एक अक्षर खाल्लं होतंस."

चढायला अख्खी सकाळ गेली. चार पावलं टाकली की माडुबे थांबायची आणि वर नातीलाच म्हणायची, "दमलीस का?" थांडेका मुकाट्याने "हो" म्हणायची.

वर गवत कडकड वाजत होतं. लोखंडी चौकोन सापडला तेव्हा गंजून लाल झाला होता. दोन वर्षांचं गवत त्याच्यातून छातीएवढं उभं होतं. थांडेका तो उपसायला वाकली.

"उचलू नकोस. आतलंच कापायचंय."

माडुबेला गुडघे टेकवेनात. थांडेका बसली. आजी सांगेल तसा विळा धरून मुळाशी कापत गेली. सगळं पिशवीत भरून वजनकाट्याला अडकवलं, तर वजन काही भरेचना, इतकं ते वाळलेलं. वाऱ्याने पिशवी हेलकावे घेऊ लागली, काटा एका जागी ठरेना.

माडुबेने खांद्यावरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी ताणून वाऱ्याच्या बाजूने आडोशाला धरली आणि दुखऱ्या पायावर तशीच उभी राहिली.

"सावकाश वाच," ती म्हणाली. "मला घाई नाही."